‘हे पिल्लू परत द्यावं का?’ : एक प्रकरण अभ्यास

साडेसात आठवड्यांची असताना चिंगी या घरात आली. माझ्याकडे, म्हणजे पशुवैद्याकडे, आणली तेव्हा ती साडेनऊ आठवड्यांची होती. कुत्र्याचं पिल्लू, मिश्र जात, मादी, वजन ३.१ किलो, डोळे तरतरीत. सोबत आलेल्या दोघांच्या मनगटांवर आणि पोटऱ्यांवर ओरखडेच ओरखडे. पिल्लाचं नाव आणि घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात पाच माणसं: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. पिल्लू आणायचं हे बरेच महिने आधी ठरलं होतं आणि तयारी चांगली झाली होती, हे आधी सांगायला हवं. अशा प्रकरणात घरच्यांना बेजबाबदार ठरवण्याची घाई होते, आणि इथे ते खरं नव्हतं. जमिनीलगतच्या विजेच्या वायरी पाइपात घातल्या होत्या. फिनेल, उंदरांचं औषध, माणसांच्या गोळ्या उंच कपाटात गेल्या होत्या. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम कुत्र्याला विषारी असतं हे मुलांनासुद्धा पाठ होतं. जाळीचा क्रेट होता, गादी होती, दाराला लावायचं बुटकं फाटक होतं, खेळण्यांची टोपली होती. पहिली लस आणण्याआधीच टोचलेली होती.

वस्तूंची तयारी झाली होती, दिवसाची झाली नव्हती. पिल्लू जागं असताना कोण काय करणार याच्या पाळ्या लागल्या होत्या. ते झोपणार कधी, कुठे, आणि तेव्हा त्याला कोणी हात लावायचा नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तक्रार

मुलांच्या आईने बसल्या बसल्या सांगून टाकलं, “डॉक्टर, ही रागीट आहे. आम्हाला जमणार नाही बहुतेक.” संध्याकाळी सातच्या सुमारास चिंगीच्या अंगात येतं. घरभर सुसाट धावते, पायांना, पायजम्याला, परकराला लोंबकळते, गुरगुरते. बाजूला ढकललं की दुप्पट जोराने परत येते. रात्री मागच्या खोलीत एकटी ठेवली की तासन्‌तास रडते. शी पातळ होते. शू कुठेही.

सल्ले भरपूर मिळाले होते. कोणी म्हणालं नाकावर टिचकी मारा, कोणी म्हणालं मानगुटीला धरून उताणी पाडा म्हणजे मालक कोण ते कळेल. बाबांनी मधला मार्ग काढला होता: चावली की तिचा जबडा मुठीत घट्ट धरायचा. याचा परिणाम टेबलावर लगेच दिसला. मी हात पुढे केला तशी तिने मान खाली घातली, कान मागे नेले आणि अंग चोरलं. रागीट पिल्लू असं करत नाही. हात आला की काहीतरी वाईट होतं, एवढं ती शिकली होती.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. आजींच्या पायाला दोनदा दात लागून रक्त आलं होतं. त्या रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, त्यामुळे रक्त थांबायला वेळ लागला. पण ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून त्यांनी हळद लावून विषय संपवला होता. मुलाने सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं.

इथे वागणुकीचा विषय बाजूला ठेवून मी आजींना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पिल्लू लहान आहे, घरात वाढतंय, दिसायला ठणठणीत आहे, म्हणून रेबीजचा प्रश्न मिटत नाही. आईला किंवा पिल्लालाच आधी कोणी चावलं होतं का, हे बहुतेक वेळा माहीत नसतं. रेबीजची लस पिल्लाला साधारण १२ आठवड्यांनंतर मिळते, म्हणजे या वयात त्या लसीचं संरक्षण नसतं. दात लागून कातडी फाटली की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. इंजेक्शनं द्यायची की पिल्लावर लक्ष ठेवायचं हा निर्णय माणसांच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो. पशुवैद्याने ‘काही होत नाही’ म्हणू नये, आणि घरच्यांनी तर मुळीच नाही. आजींना इंजेक्शनं सुरू झाली. त्या माझ्यावर थोड्या नाराज होत्या.

तपासणी

चावऱ्या पिल्लात आधी दुखणं शोधायचं असतं. चालणं नीट होतं, पोट थोडं फुगलेलं, तापमान ३८.६ अंश सेल्सिअस, म्हणजे कुत्र्यासाठी अगदी नेहमीचं. कान स्वच्छ, कातडीवर खाज नाही. तोंडात दुधाचे २८ दात, सुईसारखे. “दात येतायत म्हणून चावते का?” हा प्रश्न ठरलेला असतो. या वयात उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असतं. दुधाचे दात आठव्या आठवड्यापर्यंत येऊन गेलेले असतात. ते पडून पक्के यायला साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून सुरुवात होते. साडेनऊ आठवड्यांचं पिल्लू दोन्हींच्या मधल्या, त्यातल्या त्यात शांत काळात असतं.

शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा गोल जंतांची अंडी मिळाली. यात नवल नाही, कारण हे जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच लागू शकतात. वजनावर मोजून औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं ठरवलं. घरात लहान मुलं होती म्हणून शी लगेच उचलायची आणि हात धुवायचे हे बजावलं. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना बाहेर पिकायला दिवस लागतात. म्हणून वेळेवर उचलणं हाच खरा उपाय.

पातळ शीचं दुसरं कारण खाण्यात होतं. आल्या दिवशीच खाणं बदललं होतं, वर वाटीभर दूध, आणि प्रत्येकाच्या खिशात वेगळा खाऊ. दूध बंद केलं. दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही. खाणं एकच, मोजून, दिवसातून चारदा. पुढे बदलायचंच असेल तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत. चार-पाच दिवसांत शी बांधून झाली. चावणं मात्र तसंच राहिलं, आणि ते राहील हे अपेक्षित होतं.

नोंदवही

इथून पुढे औषधाचं काम नव्हतं. मी घरच्यांना तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहायला सांगितलं: कधी झोपली, कधी उठली, काय खाल्लं, शू-शी कधी, आणि कधी कोणाला चावली. हे काम मुलाकडे गेलं. फ्रिजवर कागद, त्याला दोरीने बांधलेली पेन्सिल.

कागद आला तेव्हा चित्र लख्ख होतं. २४ तासांत झोप जेमतेम ११ तास, तीही तुकड्यांची. दिवसातली सगळ्यांत लांब डुलकी ४० मिनिटांची. या वयाचं पिल्लू साधारणपणे १८ ते २० तास झोपतं असं धरलं जातं; पिल्लागणिक थोडा फरक पडतो, पण ११ तास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. दोन-तीन अपवाद सोडले तर चावल्याच्या सगळ्या खुणा तासाभराहून जास्त जागं राहिल्यानंतरच्या होत्या. सात ते नऊमधल्या खुणा तर एकमेकींवर चढल्या होत्या.

घरातल्या कोणी मुद्दाम जागवलं नव्हतं. सकाळी मुलं शाळेत जाण्याआधी खेळून घ्यायची. दुपारी चिंगी हॉलच्या मध्यभागी आडवी व्हायची तेवढ्यात कोणीतरी ओलांडून जायचं, कुकरची शिट्टी व्हायची, धाकटी येऊन मिठी मारायची. मुलं शाळेतून आली की पुन्हा खेळ. संध्याकाळी बाबा आले की त्यांचा एक ठाम समज होता: तिच्यात ताकद जास्त आहे, दमवली की झोपेल. म्हणून तासभर चेंडू आणि दोरीची ओढाओढ. ती आणखी पिसाटायची, त्यावरून बाबांना वाटायचं अजून दमलेली नाही, म्हणून आणखी खेळ.

दमलेलं पिल्लू निपचित पडतं हे मोठ्या कुत्र्यावरून बांधलेलं गणित आहे. अति थकलेलं लहान पिल्लू उलट वागतं. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो. धावतं, चावतं, हाक ऐकू येईनाशी होते. त्यात जबडा दाबला किंवा ओरडलं की भीती वाढते आणि झोप आणखी लांबते. मी हे समजावत असताना आजी पटकन म्हणाल्या, “तान्ह्या बाळाला असं खेळवतं का कोणी? किरकिर करेल नाही तर काय!” त्यानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही.

भावंडांतून लवकर निघालेल्या पिल्लात आणखी एक अडचण असते. जोरात चावलं की भाऊ ओरडतो आणि खेळ थांबतो, या शिक्षणातून पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकतं. निदान आठ आठवडे आई-भावंडांत राहू द्यावं असं म्हणतात त्यामागे हेही कारण आहे. चिंगीचं ते शिक्षण थोडं अर्धवट राहिलं असणार. पण त्याच कागदावर सकाळच्या, झोपून उठल्यानंतरच्या खेळात ती हाताला दात लावते पण दाबत नाही, असंही मुलाने लिहिलं होतं. म्हणजे जोर आवरणं तिला येत होतं. थकल्यावर येत नव्हतं.

काय बदललं

ढोबळ हिशेब ठरला: तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप. क्रेट हॉलमधून उचलून आई काम करत बसते त्या खोलीच्या कोपऱ्यात गेला, वरून चादर, भोवती छोटं कुंपण. उठली की आधी थेट शूच्या जागी, मग खाणं किंवा थोडा खेळ, पुन्हा शू, मग चघळायला काहीतरी देऊन आत. मुलांसाठी एकच नियम: आत असलेल्या चिंगीला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. धाकटीने स्वतः एक चित्र काढून क्रेटवर चिकटवलं. ते चिंगीने नंतर खाल्लं, पण नियम टिकला.

क्रेटचं दार लावून पिल्लाला रडत ठेवा, आपोआप गप्प होईल, हा सल्ला मी देत नाही. गप्प होतंही काही वेळा, पण क्रेटशी त्याचं वैर होतं, आणि शू लागली म्हणून रडतंय की एकटं वाटतंय म्हणून, हे कळायचा मार्गच बंद होतो. पहिले काही दिवस आई क्रेटला टेकून आपलं काम करत बसली. कुरकुर पाच-दहा मिनिटांत थांबायची. दार उघडंच असायचं, कुंपण मात्र बंद.

रात्रीचा प्रश्न त्याहून सोपा निघाला. काल-परवापर्यंत भावंडांच्या ढिगात झोपणाऱ्या जिवाला मागच्या खोलीत एकटं ठेवलं तर ते रडणारच. रात्री क्रेट पलंगाशेजारी आला, हात खाली सोडला तर जाळीला लागेल एवढा जवळ. ‘मग ती कायमची पलंगाशी बांधली जाईल’ ही बाबांची शंका; तसं झालं नाही, महिन्याभराने क्रेट रोज थोडा थोडा सरकवत दाराबाहेर नेला. मध्यरात्रीनंतर एकदा बाहेर नेऊन शू, दिवा मंद, बोलणं नाही. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास ते शू धरू शकतं, हा अंदाज जागेपणी ढोबळमानाने लागू पडतो. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. जिथे शू केली तिथे अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका हेही सांगितलं. त्या वासाने पिल्लू तिथेच परत जातं. वास मुळापासून घालवणारे एन्झाइमचे क्लीनर मिळतात, ते बरे.

प्रत्यक्ष चावलीच तर? हलणं थांबवायचं, तोंडात खेळणं द्यायचं, तरी थांबली नाही तर फाटक ओलांडून निघून जायचं. ओरडणं नाही, जबडा धरणं तर नाहीच. बाबांसाठी वेगळा गृहपाठ होता: दिवसातून काही वेळा तिच्या हनुवटीखाली हात न्यायचा, हातात खाऊचा दाणा, दिला की हात परत. डोक्यावरून हात न्यायचा नाही.

आजींच्या खोलीला फाटक लागलं. चपलांचा आवाज आणि हलणारा लुगड्याचा काठ यांवर चिंगी झेपावायची, म्हणून ती झोपेत किंवा पट्ट्यावर असतानाच आजींनी हॉलमध्ये यायचं, खुर्चीत बसल्यावर भेट. आजींना हे जाचक वाटलं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वयानुसार पातळ झालेली कातडी यांच्यापुढे माझ्याकडे तडजोडीला जागा नव्हती.

लस आणि बाहेरचं जग

सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने हे बहुतेक घरांत होतं, आणि भीती खोटी नाही. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) काही आठवडे पिल्लाला वाचवतात आणि त्याच वेळी लसीलाही निष्प्रभ करू शकतात. ती नेमकी कधी ओसरतील ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी लस, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांना किंवा त्यानंतर.

पण दुसरं घड्याळ याच काळात चालू असतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बार हार्बर इथे पिल्लांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून सामाजिकीकरणाच्या काळाची कल्पना पक्की झाली: तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, पुढे अनोळखी ते भीतीदायक वाटू लागतं. (मांजराच्या पिल्लात हा काळ आणखी लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो बहुधा संपत आल्यावरच मांजर आपल्या घरी येतं.) सोळाव्या आठवड्यापर्यंत कोंडून ठेवलं तर दार उघडेपर्यंत वेळ गेलेली असते.

तेव्हा चिंगीला कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्यायचं, जमिनीवर सोडायचं नाही, अनोळखी कुत्री फिरतात तिथे तर नाहीच. लसी पूर्ण असलेल्या एका शांत, प्रौढ कुत्र्याच्या घरी जायचं. छत्री, चाकाची खुर्ची, दाढीवाला माणूस, रिक्षाचा आवाज हे लांबून बघायचं. आणि अशी फेरी जागेपणाच्या तासात धरायची. आल्यावर खेळ नाही, झोप.

मधला फटका

पहिल्या आठवड्यात झोप १५ तासांच्या पुढे गेली. संध्याकाळचा धिंगाणा संपला नाही, पण दोन तासांवरून पंधरा-वीस मिनिटांवर आला. मग सुट्टीच्या दिवशी घरी पाहुणे आले. दुपारभर चिंगी या मांडीवरून त्या मांडीवर, मुलांचा घोळका, फोटो. संध्याकाळी तिने पाहुण्यांच्या एका मुलाच्या गालाला दात लावले. रक्त आलं नाही, ओरखडा उठला. धुऊन त्यालाही डॉक्टरांकडे नेलं. रात्री फोन आला: परत द्यावं का?

या प्रश्नाला मी ठोकळेबाज ‘नाही’ म्हणत नाही. काही घरांत परत देणं, म्हणजे खरं तर योग्य घर शोधून देणं, हाच बरा निर्णय असतो, आणि तो चार महिन्यांच्या आत घेतला तर पिल्लाला सोपा जातो. आजींच्या तब्येतीमुळे इथे प्रश्न खराच होता. पण त्या दिवसाचा कागदही मुलाने भरला होता. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकूण झोप पन्नास मिनिटं. एवढं जागवूनही तिने गालावर जोर केला नव्हता, आणि माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच होती. तेरावा आठवडा संपेपर्यंत बघू, आजींना पुन्हा एकदा जरी रक्त आलं तर लगेच दुसरं घर शोधू, असं ठरलं. पाहुणे आले की चिंगी आतल्या खोलीत, दार बंद. भेटायचंच तर एकेकाने, पाच मिनिटं.

पुढे

तेराव्या आठवड्यात नोंदवहीत चावल्याच्या खुणा दिवसाला एक-दोन होत्या, त्याही बहुतेक सकाळच्या खेळातल्या. आजींना पुन्हा जखम झाली नाही. परत देण्याचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही.

चिंगीला चार महिने पूर्ण झाल्यावर चघळणं पुन्हा वाढलं आणि आई घाबरून आली: “सुरू झालं परत!” तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दुधाचे दात पडत होते. या वेळी कारण खरंच दात होते आणि निशाणा टेबलाचे पाय होते, माणसं नाहीत. ओलं फडकं पिळून, फ्रीजरमध्ये गार करून लक्ष ठेवून चघळायला दिलं, लाकडाभोवती जाळी लावली. सहा महिने पूर्ण होऊन गेल्यावर ४२ पक्के दात मोजून झाले.

झोपेने सगळं सुटलं नाही. सर्वांत जास्त वेळ हाताच्या भीतीला लागला. दोनेक आठवडे जबडा धरला होता. ते पुसायला कित्येक महिने गेले, आणि बाबांनी डोक्यावरून हात नेला तर ती अजून मान खाली घालते. हनुवटीखालून नेला तर पुढे येते, म्हणून घरात सगळे तसाच नेतात. दारावरची घंटा वाजली की भुंकण्याची सवयही मधल्या काळात लागली. त्यावर आता घंटेचा आवाज मोबाइलवर हळू लावून, आवाजापाठोपाठ खाऊ देण्याचा सराव चालू आहे, आणि नसबंदी कधी करायची यासाठी त्यांना पुढच्या भेटीची वेळ दिली आहे.